नऊ जणींचा ठोका

हिरवा दिवा लागायला त्या दिवशी सव्वीस मिनिटं लागली.

एरवी दहा-बारा मिनिटांत काम व्हायचं. नाशिकच्या क्रीडासंकुलातल्या हिरकणी कक्षात ईश्वरी मगदूम जुईला मांडीवर घेऊन बसली होती आणि समोरच्या छोट्या पडद्यावर तिच्याच हृदयाच्या लाटा सरकत होत्या. कोपऱ्यातला दिवा पिवळाच. जुई वीस महिन्यांची. एक पाय आईच्या पोटावर, एक खुर्चीच्या दांड्यावर, आणि पिणं कमी, चाळे जास्त. दाराबाहेर प्रशिक्षक हेमलता करांडे येरझाऱ्या घालत होत्या. त्यांच्या बुटांचा आवाज जवळ आला की पडद्यावरची लाट उगाच उसळायची.

"झालं का गं?"

"होतंय मॅडम. तुम्ही जरा लांब जा ना."

"लांबच आहे मी."

दाराच्या फटीतून त्यांची सावली दिसत होती.

शेवटी दिवा हिरवा झाला. जुईने लगेच तोंड काढून घेतलं आणि "भूर" म्हणाली. बाहेरून डॉक्टर तन्वीर मुल्लाचा आवाज आला, "आला, आला. ताई, पळा आता."

ईश्वरीने जर्सी खाली ओढली, जुईला सासूच्या कडेवर दिलं आणि मैदानाकडे पळत सुटली. उपांत्य सामना सुरू व्हायला सात मिनिटं होती. तिच्या डोक्यात मात्र तो सामना नव्हताच. परवा अंतिम सामना, आणि परवा दिवा लागलाच नाही तर?

तन्वीर मिरजेचा. डॉक्टर झाला, पण दवाखान्यात रमला नाही. खेळणाऱ्या माणसांच्या छातीत काय चालतं त्यात रमला. त्याचं म्हणणं साधं होतं. चूक झाली, पडलो, हाताशी आलेला गडी निसटला, की छाती सगळ्यांचीच धडधडते; खंबीर माणसाची आणि घाबरटाची सारखीच. फरक पडतो तो नंतर. कुणाची छाती चार सेकंदांत जागेवर येते, कुणाची चाळीस. आणि खो-खोत चाळीस सेकंदांत आख्खा डाव फिरतो. या जागेवर येण्याला तन्वीर 'परती' म्हणायचा. मनाचं बळ म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो ते बरंचसं या परतीतच असतं, हे त्याने शेकडो खेळाडू मोजून दाखवलं होतं.

परती उसनी देता येते, हा त्याचा खरा शोध. मेंदूतून निघून कान, घसा, हृदय, पोट अशी हिंडत जाणारी एक नस असते, व्हेगस. तिची एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात येते. तिथे मुंगी चालावी इतका हलका विजेचा ठेका दिला की हृदय त्या ठेक्याकडे ओढलं जातं. यंत्राने बनवलेला ठेका शरीर दोन दिवसांत ओळखतं आणि पंख्याच्या घरघरीसारखं त्याच्याकडे दुर्लक्ष करतं. जिवंत माणसाचा ठेका मात्र सारखा किंचित चुकत, किंचित सावरत असतो. तो शरीर ऐकत राहतं. म्हणून संघातल्या एकीला 'आधार' करायचं आणि तिच्या हृदयाची चाल खेळ चालू असतानाच बाकीच्यांच्या कानात पोचवायची. कानात बसणारं ते यंत्र हरभऱ्याच्या डाळीएवढं. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. पोरी त्याला टिकली म्हणायच्या. लीगने टिकलीला परवानगी दिली तेव्हा बरीच ओरड झाली. मग बुटांची, गुडघ्याच्या पट्ट्यांची झाली तशी तिचीही सवय झाली.

ईश्वरी संघात होती ती या टिकलीमुळेच.

बाळंतपणाआधी सांगलीच्या कृष्णातीर संघात तिच्याइतकी चपळ कुणी नव्हती. जुई पाच महिन्यांची झाल्यावर ती मैदानावर परतली तेव्हा पाय तिचं ऐकेनात. बारा जणींच्या संघात ती तेरावी. "वर्षभर थांब, मग बघू," असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि 'मग बघू'चा अर्थ कळायला ईश्वरी काही लहान नव्हती. त्याच आठवड्यात तन्वीर सगळ्यांच्या परत्या मोजायला आला. दोन चाचण्यांच्या मधे ईश्वरी पाण्याच्या टाकीमागे जाऊन जुईला पाजून आली. दुसऱ्या चाचणीत तिच्या कानाजवळ दोन फळ्या आपटल्या. छाती उसळली आणि तीन सेकंदांत अशी शांत झाली की तन्वीरला वाटलं यंत्रच बिघडलं.

"ताई, मधे तुम्ही कुठे गेला होता?"

"पोरीला पाजायला."

"अच्छा," तो म्हणाला, कानापर्यंत लाल झाला, आणि वहीत लिहून घेतलं.

पाजल्यानंतर तासभर आईच्या शरीरातली धोक्याची घंटा आपोआप मंद होते. ही सोय बाळासाठी असते. कृष्णातीर संघाने ती नऊ जणींसाठी वापरली; सामन्याआधी पाजून ईश्वरीची छाती पुरेशी शांत झाली की दिवा हिरवा. ईश्वरी आधार झाली, चौथ्या चौकटीत तिची जागा ठरली, आणि सव्वा वर्षात संघ बावीस सामन्यांपैकी फक्त दोन हरला. चूक झाली तरी पोरींच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. वर्तमानपत्रांनी 'पोलादी मनाच्या पोरी' असे मथळे दिले. ते पोलाद कुठल्या खोलीत, कसं तयार होतं ते संघाबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

उपांत्य सामन्यात कृष्णातीरचा डाव पाठलागाचा होता. आठ जणी मधल्या रेषेवर चौकटीत उकिडव्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांच्या मागे. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. कोण येतंय, कधी येतंय, बसलेलीला दिसत नाही. नुसतं पाठ तयार ठेवून बसायचं असतं. खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच.

दीड मिनिट उरलं होतं. पाठलागावर प्रांजल साळुंखे होती, संघातली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची. समोरची धावपटू तिच्या हाताच्या अंतरावर आली होती. तेवढ्यात प्रेक्षकांत जुई पायरीवरून घसरली आणि रडली.

हजारभर गळे ओरडत होते. त्यातूनही ईश्वरीला तो आवाज ऐकू आला. अंगातून सरसर काहीतरी वर चढलं, पान्हा दाटला, छाती धाडकन उसळली. चौथ्या चौकटीत ती हलली नाही. पण रांगेतल्या सगळ्या पोरींच्या माना एकदम त्या आवाजाकडे वळल्या. दोघी तर खो न मिळताच उभ्या राहिल्या. प्रांजल होती तिथेच थांबली, हात तसाच पुढे, आणि प्रेक्षकांकडे बघत राहिली. तिला चुकवून पळालेली मुलगीसुद्धा थांबून बघायला लागली की झालं तरी काय.

पंचांनी शिट्टी मारली आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून पुन्हा एकदा मारली. लोक हसले.

आघाडी मोठी होती, म्हणून सामना जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत पोरी हसून हसून लोळल्या. "आपण सगळ्याच बाळंतीण झालो गं," कुणीतरी म्हणालं. प्रांजल तेवढी हसत नव्हती. बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती, बांधत होती.

"काय झालं?" ईश्वरी तिच्याशेजारी टेकली.

"ताई, मला वाटलं माझंच कोणतरी रडतंय." सांगलीकडच्या बऱ्याच पोरी स्वतःबद्दल मुलांसारखंच बोलतात, तशी ती पुढे म्हणाली, "मी थांबलो. हातात आली होती ती. तरी मी थांबलो."

"असू दे गं. जिंकलो ना."

"तसं नाही. एक विचारू? तुम्ही घरी रडता का?"

"कशावरून?"

"कशावरूनही. मी रडतो. परवा आईनं भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं, तर मी दोन तास रडलो. आधी असं नव्हतं. टिकली काढली की मला साधं फोनवर बोलायला पण..." तिने नाडीची गाठ ओढून घट्ट केली. "मॅडमना सांगू नका हां."

ईश्वरीने मॅडमना सांगितलं नाही. तन्वीरला गाठलं. तो संकुलाच्या कँटीनमध्ये एकटाच मिसळ खात होता. तिने विचारल्यावर त्याचा चमचा थांबला.

"कळणार होतंच तुम्हाला," तो म्हणाला. "पोरींची स्वतःची परती मंदावलीये. टिकलीशिवाय मोजली तर प्रांजलला सत्तर सेकंद लागतात. आली होती तेव्हा अठरा लागायचे."

"कधीपासून माहितीये?"

"चार महिने."

"आणि मॅडमना?"

"त्यांनाही. अंतिम सामन्यानंतर सुट्टी देऊ, टिकल्या काढून ठेवू, असं ठरलंय." मग खाली बघत म्हणाला, "लिफ्टनं वर-खाली करणाऱ्याला जिन्याची सवय मोडते, तसंच आहे ते. पाय काही जात नाहीत, ताई. पायांना आठवण करून द्यावी लागते."

"आणि मला किती लागतात? पाजल्याशिवाय?"

"तुमची मोजलीच नाही कधी. गरजच पडली नाही."

दुसऱ्या दिवशी सामना नव्हता, आणि जुईने सकाळपासून तोंड लावलं नाही. अतिथीगृहाच्या खोलीत ईश्वरी तिला दर दोन तासांनी मांडीवर ओढत होती आणि पोर दर वेळी मासळीसारखी निसटत होती. पोळी खात होती, केळं खात होती, खिडकीतल्या कबुतराला हाका मारत होती. ईश्वरी दिसली की मात्र दोन हातांनी तिचं नाक दाबून "नाय" म्हणत होती.

सासूबाई, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणत, पलंगावर पाय पसरून बघत होत्या. सव्वा वर्ष त्या नातीला घेऊन सामन्यांच्या गावोगाव हिंडल्या होत्या आणि कधी कुरकुरल्या नव्हत्या.

"सोड की तिला," त्या म्हणाल्या. "पोरगी आपणहून सोडाय लागलीया. नशीब म्हण. तुझ्या नवऱ्याचं दूध तोडताना मी कडुनिंब वाटून लावलावता, तीन दिवस घर डोक्यावर घेतलावतं त्यानं."

"उद्याचा एक दिवस हवाय आक्का."

"उद्या कुणाला हवाय? तिला?"

आक्कांच्या पिशवीत चहासाठी गुळाचा खडा होता. आक्का जुईला घेऊन खाली गेल्यावर ईश्वरीने तो काढला, वाटीत थेंबभर पाण्यात बोटाने कालवला आणि वाटी कपाटावर ठेवून दिली. सगळ्या जगातल्या बाया दूध तोडायला कडू लावतात. आपण काय करतोय, हे मनात येताच तिने बोट घाईघाईने धुतलं. वाटी मात्र ठेवलीच.

संध्याकाळी मॅडम आल्या. कधी नव्हे ते दार वाजवून आत आल्या, जुईसाठी प्लॅस्टिकचं बदक घेऊन.

"ईश्वरी, खरं सांग. उद्या होईल ना?"

"नाही झालं तर?"

मॅडम खुर्चीत बसल्या. पंचेचाळिशीची, ताठ पाठीची बाई. पण बसताना खुर्ची हाताने चाचपली.

"तुला सांगितलं नाही कधी. माझा शेवटचा अंतिम सामना. मी खो मिळायच्या आधी उठले. एवढीशी चूक, कुणाच्याही हातून होते. परत बसले. मग माझ्या पाठीवर थाप पडली. मला कळली होती थाप. खोही ऐकू आला होता. पाय उठले नाहीत. देणारी मागे उभी राहून ओरडतीये, मी बसूनच. त्यानंतर मी खेळलेच नाही." त्यांनी बदकाची मान उगाच फिरवली. "माझ्या पोरींवर ती वेळ मी येऊ देणार नाही. त्यासाठी कुणी मला वाईट म्हटलं तरी चालेल. एकच सामना. मग मी स्वतः टिकल्या नदीत टाकते."

"आणि मी आधार नसले तर?"

मॅडमनी तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "तर तू पहिल्या नऊ जणींत कशी बसतेस, तूच सांग. पळायला तू अकरावी आहेस."

अंतिम सामना दुपारी चारला होता. तीन वाजता ईश्वरी हिरकणी कक्षात जाऊन बसली. कानात टिकली, छातीला पट्टा, समोर पडदा, कोपऱ्यात पिवळा दिवा. दार लावलं, आणि ओढणीच्या टोकाने झाकलेली वाटी काढून, स्वतःकडेही न बघता, गूळ लावला.

जुईला वास आला. ती जवळ आली, चाटलं, "गोड" म्हणाली आणि हसली. मग तोंड लावून ओढायला लागली. ईश्वरीचे खांदे सैल झाले. तिने पडद्याकडे पाहिलं. लाटा बसत होत्या. मग तिने खाली पाहिलं.

जुईचे डोळे उघडे होते. पाजताना ती आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची, मग डोळे जड व्हायचे, पापणी अर्धी मिटायची. आता ती तिरक्या नजरेने पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. ओढायची, थांबायची, दिव्याकडे बघायची. दिवा पिवळाच. पुन्हा ओढायची. तिच्या कपाळावर छोटीशी आठी होती, जोर लावून डबा उघडणाऱ्या माणसाच्या कपाळावर असते तशी. दिवा हिरवा झाला की बाहेरचे सगळे "आला" म्हणतात, आई पळते आणि आपल्याला सोडतात, हे तिला समजलेलं होतं. किती दिवसांपासून, देव जाणे.

जुई पीत नव्हती. कामावर होती.

ईश्वरीने हळूच बोट घालून तिचं तोंड सोडवलं. जुईने आधी दिव्याकडे, मग आईकडे पाहिलं. काम पुरं झालं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

"झालं," ईश्वरी म्हणाली. "संपलं बाळा. दिवा नको आता."

ओढणीने तिने स्वतःला पुसलं, जुईची हनुवटी पुसली. छातीचा पट्टा काढला, कानातली टिकली काढली आणि पडदा बंद केला. दार उघडलं तेव्हा मॅडम आणि तन्वीर समोरच होते.

"दिवा?" मॅडमनी विचारलं.

"लागणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

"ईश्वरी, पाऊण तास आहे अजून."

"पोरगी दिव्यासाठी पीतीये मॅडम. माझ्यासाठी नाही, भुकेसाठी नाही. मी नाही आणणार तिला परत आत." तिने जुईला कडेवर सावरलं. "मला नका खेळवू. बाकावर बसते. नाहीतर बसने सांगलीला जाते. पण हे बास."

मॅडम तन्वीरकडे वळल्या. "दुसरी कोण? कुणाचीही घे. कर्णधाराची घे."

"एकीचीही चालणार नाही मॅडम. सव्वा वर्ष सगळ्या हिच्यावर चालल्यात. एकीची मंद परती नऊ जणींना दिली तर बसल्या जागी बसतील सगळ्या." तन्वीर थांबला, आणि पुढचं बोलताना त्याला ते त्याच क्षणी सुचत असावं असं वाटलं. "फक्त ईश्वरीताईंचं वेगळं आहे. आधाराच्या टिकलीतून ठेका जातो, येत नाही. हिच्या कानात कधी काही वाजलंच नाही. पाजल्याची मदत तासभराची. बाकीचे तेवीस तास हिची भीती हिनेच उचललीये. टिकलीशिवाय खेळता येणारी संघात आज एकच आहे."

मॅडमनी ईश्वरीकडे नव्याने बघितलं. तिची पोटरी, गुडघे, सुजलेला चेहरा, जर्सीवर उमटलेला ओला डाग.

"जर्सी बदल," त्या म्हणाल्या. "चौथ्या चौकटीत बस. आणि सगळ्यांच्या टिकल्या गोळा करून आण माझ्याकडे."

पहिली चार मिनिटं बघवत नव्हती. थाप चुकत होती, खो घशात अडकत होता. एक पोर खांबाला वळसा घालताना घसरली आणि उठून रडायलाच लागली, खेळता खेळता, नाक पुसत. प्रेक्षकांना कळेना की पोलादी पोरींना आज झालंय काय. मध्यंतरात एकीने उलटी केली. मॅडम पाण्याच्या बाटल्या देत होत्या आणि त्यांच्याच हातातलं पाणी सांडत होतं. कुणीतरी विचारलं, "मॅडम, टिकली एकदा द्या ना, पाचच मिनिटं." मॅडमनी खिशावर हात ठेवला. ईश्वरीला वाटलं, देतात आता. त्यांनी खिशाची चेन लावली.

शेवटचा डाव पुन्हा कृष्णातीरच्या पाठलागाचा. एक मिनिट उरलेलं, आणि दोन गुणांनी मागे. प्रांजल पाचव्या चौकटीत, ईश्वरीच्या शेजारी. पण तिचं तोंड पलीकडे, ईश्वरीचं अलीकडे. ईश्वरीला दिसत नव्हतं, फक्त ऐकू आलं: प्रांजल खो न मिळताच उठली, आणि पंचांची शिट्टी. प्रांजल परत बसली. मग श्वास. कुत्र्यासारखा तोकडा, भरभर. सत्तर सेकंद, ईश्वरीच्या मनात आलं. सत्तर सेकंद नाहीत आपल्याकडे.

"प्रांजल."

"ताई, माझे पाय गेले."

"जाऊ दे."

"मी नाही उठू शकत. खरंच नाही. मला भीती..."

"मलापण वाटतीये. रोज वाटते. तुला काय वाटलं, मी बर्फाची आहे?" ईश्वरी समोरच्या धावपटूवरची नजर न काढता बोलत होती. "सांग मला, पायाखाली काय आहे?"

"काय?"

"मॅट खरखरीत आहे का गुळगुळीत?"

"खरखरीत."

"कुठल्या बोटाला जास्त लागतंय?"

थोडा वेळ नुसता श्वास. मग, "डाव्या अंगठ्याला. फाटलाय बूट."

"मग त्या अंगठ्यावर उठ. बाकीचे पाय राहू देत बसलेले."

प्रांजल हुंदका दिल्यासारखी हसली. त्याच क्षणी तिच्या पाठीवर थाप पडली, "खो", आणि ईश्वरीला शेजारची चौकट रिकामी झाल्याचा वारा लागला. प्रांजल उठली होती. धडपडत उठली, वाकडी उठली, पण पळाली. एक गडी खांबाजवळ बाद झाला. एकच गुण मागे. पंधरा सेकंद. प्रांजल वळसा घालून आली, समोरची मुलगी रांगेतून पलीकडे निसटली, आणि ईश्वरीच्या पाठीवर हात पडला.

सव्वा वर्षात तिला शेकडो खो मिळाले होते. सगळे नेमके, कोरडे, एकसारखे. हा हात घामाने भिजलेला होता, थरथरत होता, आणि गरजेपेक्षा अर्धा क्षण जास्त टेकून राहिला.

ईश्वरी उठली. पाय जड होते, तिचेच होते. चार पावलं, पाच. समोरच्या मुलीची वेणी दिसली, खांदा दिसला. तिने सूर मारला. बोटं तिच्या जर्सीच्या टोकाला लागली का नाही, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पंचांनी हात आडवा केला. शिट्टी वाजली.

एका गुणाने हरल्या.

त्यानंतरचं दृश्य त्या संकुलात आधी कधी कुणी पाहिलं नव्हतं. कृष्णातीरच्या पोरी मैदानभर विखरून पडल्या. कर्णधार खांबाला पाठ लावून बसली आणि कुणाशी बोलेना. एकीने बूट काढून भिरकावला आणि मग स्वतःच जाऊन आणला. दोघी गळ्यात गळे घालून रडत होत्या, तिसरी त्यांना शिव्या देत होती. प्रांजल आडवी पडून छताकडे बघत होती, आणि काही वेळाने ती सगळ्यांच्या आधी उठली. तन्वीरने सवयीने घड्याळ पाहिलं, आणि मग न बघितल्यासारखं करून हात खिशात घातले.

मॅडम ईश्वरीजवळ आल्या. ती अजून मॅटवर बसली होती, कोपर सोलपटलेलं.

"पोचायला हवं होतंस तू," त्या म्हणाल्या. "पूर्वी पोचली असतीस."

"हो."

"सोमवारी साडेपाचला ये. पळायला. तुझा वेग बघवत नाही." वळून दोन पावलं गेल्या, मग थांबल्या. "दोघीच पळू. मलापण बरीच वर्षं झाली."

आक्कांनी जुईला खाली सोडलं. हारजीत तिला माहीत नव्हती. मोकळं मैदान दिसत होतं. ती दुडुदुडु आली, रडणाऱ्या एका मावशीच्या डोक्यावर थोपटलं, आणि मग चौकटींच्या रांगेशी येऊन, सामन्यात बघितलं होतं तशी, एका चौकटीत उकिडवी बसली. पाठ आईकडे. मान ताठ. वाट बघत.

ईश्वरी गुडघ्यांवर सरकत तिच्यामागे गेली. जर्सी पुन्हा ओली झाली होती, दुखत होतं, आणि अजून काही दिवस दुखणार होतं. त्या एवढ्याशा पाठीवर तिने तळवा ठेवला.

"खो," ती म्हणाली.

जुई खिदळत उठली आणि पळत सुटली, पलीकडच्या खांबाकडे, मागे न बघता. ईश्वरी तिच्या रिकाम्या चौकटीत बसली.